खरं महाभारत कोणतं? वि. सी. सुकथनकर आणि अठरा वर्षांची एक चिकाटी

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना खपून जाणारी पण वाचताना अडणारी काही वाक्यं तेवढी सारखी केली आहेत.)



महाभारताच्या गप्पा निघाल्या की काही प्रसंग हमखास येतात. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी म्हणाली, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. स्वयंवरात कर्ण पुढे आला आणि तिने भर सभेत सांगितलं, मी सूतपुत्राला वरणार नाही.

मग कोणीतरी म्हणतं, "अहो, हे मूळ महाभारतात नाहीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते काढून टाकलंय." झालं, इथून वाद पेटतो. एक बाजू म्हणते, काढणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, बघा, सगळं नंतर घुसडलेलं होतं.

गंमत अशी, की दोन्ही बाजू ज्या कामाचा हवाला देतात, त्या कामात काहीही काढून टाकलेलं नाही. आजचा भाग त्या कामावर आणि ते उभं करणाऱ्या माणसावर आहे. विष्णू सीताराम सुकथनकर. जन्म ४ मे १८८७, मृत्यू २१ जानेवारी १९४३. आयुष्याची शेवटची अठरा वर्षं त्यांनी एकाच ग्रंथाला दिली. वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला त्यांच्यासारखं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

गणिताचा विद्यार्थी

सुकथनकर मुळात संस्कृतचे नव्हेत, गणिताचे विद्यार्थी. मुंबईतलं शिक्षण आटोपून ते केंब्रिजला गणित शिकायला गेले. तिथून पुढे बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्यूडर्स या संस्कृत पंडितांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर डॉक्टरेट केली. ल्यूडर्स हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

भारतात परतल्यावर त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम केलं, शिलालेख आणि ताम्रपट वाचले. भासाच्या नाटकांवर लेखमाला लिहिली, 'स्वप्नवासवदत्ता'चं इंग्रजी भाषांतर केलं. वरवर पाहिलं तर चार वेगळ्या वाटा. पण गणिताने पुराव्याची शिस्त दिली, व्याकरणाने शब्दाचं जुनं रूप ओळखायला शिकवलं आणि शिलालेखांनी लिपी वाचणारी नजर दिली. १९२५ साली ते पुण्याला महाभारत प्रकल्पाचे प्रमुख संपादक झाले, तेव्हा हे सगळं एकदम उपयोगाला आलं.

एक लाख रुपये आणि एक अडचण

हा प्रकल्प सुकथनकरांच्या आधीच सुरू झाला होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळे आणि चित्रकलेमुळे आपल्याला माहीत असलेले, त्यांना महाभारताची सचित्र आवृत्ती हवी होती. त्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्या काळातले एक लाख! १ एप्रिल १९१९ ला वयोवृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मंगलाचरणाचा श्लोक लिहून कामाचा आरंभ केला.

असं काम व्हावं ही कल्पना युरोपातही होती. मोरिझ विंटरनित्झ यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली, ल्यूडर्सनी १९०८ मध्ये छोटा नमुनाही छापला. पहिल्या महायुद्धात ते सगळं बारगळलं. ते शेवटी पुण्यात झालं, आणि झालं तेही ल्यूडर्स यांच्याच मुंबईकर शिष्याच्या हातून.

पण मुळात अडचण काय होती? महाभारत तर छापलेलं मिळत होतंच की. कलकत्त्याची आवृत्ती होती, मुंबईची पोथी होती, दक्षिणेत कुंभकोणमची होती. अडचण हीच, की ती एकमेकांशी जुळत नव्हती. दक्षिणेची प्रत उत्तरेच्या प्रतीपेक्षा बरीच मोठी. उत्तरेत सर्वांत चालणारा पाठ नीळकंठ चतुर्धरांचा. हे घराणं मूळ आपल्या कोपरगावचं, पण सतराव्या शतकात नीळकंठांनी टीका लिहिली ती काशीत बसून. त्यांनीही निरनिराळ्या प्रांतांच्या पोथ्या जमवून, चांगले वाटले ते पाठ निवडले होते. म्हणजे ज्याला लोक 'मूळ' समजत होते, ते एका विद्वान माणसाने केलेलं संकलन होतं.

आजीची आरत्यांची वही

आता पद्धत समजून घेऊ. यासाठी एक घरगुती उदाहरण घेतो.

समजा, तुमच्या आजीची आरत्यांची वही होती. ती हरवली. पण त्याआधी नागपूरच्या मावशीने, कोल्हापूरच्या मामाने आणि मडगावच्या धाकट्या मावशीने ती आपापल्या वहीत उतरवून घेतली होती. आज तिन्ही वह्या तुमच्यापुढे आहेत. आजीने काय लिहिलं होतं, हे कसं शोधाल?

नागपूर आणि मडगाव या वह्यांचा एकमेकींशी कधी संबंध आला नाही, तरी दोन्हींत एक ओळ अक्षरशः सारखी आहे. मग ती आजीचीच असणार. कोल्हापूरच्या वहीत एक कडवं जास्त आहे, बाकी कुठेच नाही. मग ते बहुधा कोल्हापूरला जोडलं गेलं. तिसरी गोष्ट जरा मजेशीर आहे. एका वहीत जुना, अवघड शब्द आहे आणि दुसऱ्या दोन वह्यांत तिथेच दोन निरनिराळे सोपे शब्द. अशा वेळी अवघड शब्द जुना असण्याची शक्यता जास्त. कारण उतरवून घेणारा माणूस न कळलेला शब्द बदलून सोपा करतो, सोप्याचा मुद्दाम अवघड सहसा करत नाही.

इतकं सोपं असतं तर प्रश्न नव्हता. पण मामा मध्येच नागपूरला गेले, तिथली वही पाहिली आणि "अरे, हे आपल्याकडे राहिलंय की" म्हणून समासात दोन ओळी लिहून आले. पुढे मामांच्या मुलाने वही उतरवताना त्या ओळी आरतीतच घातल्या. आता नागपूर आणि कोल्हापूर जुळतात, पण त्या जुळण्याला किंमत उरली नाही.

महाभारताचं नेमकं हे झालं होतं, दीड-दोन हजार वर्षं आणि सगळ्या भारतभर. पोथी लिहिणारा कोणीही लबाडी करत नव्हता. आपली प्रत अपुरी राहू नये म्हणून जिथे जे मिळेल ते तो भक्तीने घालत होता. त्यामुळे पोथ्यांची सरळ वंशावळ काढता येत नाही, हे सुकथनकरांनी ओळखलं. युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी तयार झालेली पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. त्यांनी तिला मुरड घातली.

चौकटींचे कागद

आता प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते बघा.

एका आदिपर्वाच्याच २३५ पोथ्यांची माहिती जमली. त्यांतल्या १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपीतल्या, २८ तेलुगू, २६ मलयाळम, ५ नेवारी, ३ शारदा, आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी प्रत्येकी एक. पारखून शेवटी ६० पोथ्या पाठ ठरवण्यासाठी घेतल्या.

उभ्या-आडव्या रेघा मारलेले फूलस्केप कागद असायचे. वर प्रचलित पाठातला एक श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथीत जे अक्षर वेगळं असेल तेवढंच, नेमक्या त्या अक्षराखाली लिहायचं. उजवीकडे रुंद रकाना: समासात काय लिहिलंय, कुठे खाडाखोड आहे, कोणते श्लोक जादा आहेत याच्या नोंदींसाठी. एका श्लोकासाठी किमान दहा पोथ्या अशा ताडून पाहायच्या, असा नियम. एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायचं.

सगळ्या पोथ्या पुण्याला आणणं शक्य नव्हतं. म्हणून शांतिनिकेतनला बंगाली पोथ्यांचं केंद्र झालं आणि तंजावरला, मराठा राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, दक्षिणी पोथ्यांचं.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ ला छापून निघाला, पर्व पूर्ण झालं १९३३ ला. त्याला जोडलेली सुकथनकरांची इंग्रजी प्रस्तावना आजही पाठचिकित्सा शिकणाऱ्याला वाचावीच लागते. तिच्यात त्यांचा दावा अगदी मोजका आहे. हा व्यासांचा मूळ शब्द आहे असं ते म्हणत नाहीत. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितकं मागे जाता येतं, तितकं जुनं रूप आम्ही दिलं आहे, एवढंच. जिथे खात्री कमी, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. म्हणजे संपादक वाचकाला सांगतोय की बाबा रे, इथे मला शंका आहे.

मग ते प्रसंग गेले कुठे?

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ.

जो श्लोक सर्व शाखांच्या पोथ्यांच्या साक्षीने टिकतो, तो वर मुख्य पाठात. जो फक्त काही पोथ्यांत आहे, तो खाली तळटीपेत, तारांकित क्रमांक देऊन आणि कोणकोणत्या पोथ्यांत आहे हे सांगून. मजकूर लांबलचक असेल तर शेवटी परिशिष्टात. तो कुठेही गेलेला नाही. त्याच पुस्तकात आहे, पत्त्यासकट.

गणपती लेखनिक झाल्याची कथा परिशिष्टात आहे. कर्णाला नाकारण्याचा प्रसंग तळटीपेत आहे, आणि मुख्य पाठात ब्राह्मण आपसांत म्हणतात की कर्ण-शल्यांसारख्या बलवानांनाही हे धनुष्य वाकवता आलं नाही. मयसभेत द्रौपदीच्या तोंडी ते 'आंधळ्याचा मुलगा' वाक्य मुख्य पाठात नाही. मात्र दुर्योधन नंतर धृतराष्ट्राला सांगतो, की द्रौपदी इतर बायकांबरोबर मला हसली. म्हणजे अपमान झाल्याची त्याची तक्रार जुनी आहे, ते टोचणारं वाक्य तिथे नाही. वस्त्रहरणात वस्त्रं एकामागून एक येत राहतात हे मुख्य पाठात आहे, द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा तळटीपेत आहे.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही. समजा, एखाद्याला बंगालमध्ये महाभारत कसं वाढलं याचा अभ्यास करायचा आहे. किंवा दक्षिणेत कोणत्या कथा जोडल्या गेल्या हे पाहायचं आहे. त्याला ही आवृत्तीच लागेल, आणि त्याचं काम तळटीपांतच असेल. वर सर्वांत जुना थर, खाली नंतरचे सगळे थर. पुरातत्त्ववाले उत्खननात करतात तेच, फक्त इथे माती नाही, शब्द आहेत.

नुसती सरमिसळ जपली असती, तर कोणता थर कधीचा हे कळलं नसतं. फक्त जुनं ठेवून नवं फेकलं असतं, तर मधल्या शेकडो वर्षांच्या लोकांची श्रद्धा आणि कल्पना पुसली गेली असती. सुकथनकरांनी दोन्ही टाळलं.

आक्षेप आणि साक्ष

त्यांच्यावर टीका झाली नाही असं समजू नका. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने सुचवलं, की नवा पाठ सिद्ध करण्याचा खटाटोप सोडा. नीळकंठांचा प्रचलित पाठच छापा आणि खाली पाठभेद द्या. हा सल्ला व्यवहारी होता. लोकांना ओळखीचा पाठ मिळाला असता, वादही टळले असते. सुकथनकरांचं उत्तर असं, की प्रचलित आहे म्हणून एखादा पाठ प्रमाण होत नाही. तो कसा तयार झाला हे आता पोथ्यांवरून दिसतंय, तर दिसत असूनही गप्प बसायचं का?

पुढच्या काळात मादलेन बियार्दो यांनी वेगळा प्रश्न विचारला. जो ग्रंथ मुळात तोंडी सांगितला गेला, गावोगावी बदलत गेला, त्याचं एकच 'जुनं रूप' शोधणं योग्य आहे का? हा प्रश्न आजही जिवंत आहे, आणि तो रास्त आहे. पण त्या प्रश्नाचा अभ्यास करायचा तरी पाठभेदांचा तोच साठा उघडावा लागतो.

आणि मग नेपाळहून एक साक्ष आली. आदिपर्व छापून झाल्यानंतर तिथले राजगुरू हेमराज पंडित यांच्या संग्रहातली एक फार जुनी पोथी समोर आली. विचार करा, संपादकासाठी ही केवढी परीक्षा! निकाल आधीच छापलेला आणि नवा साक्षीदार आता उभा राहतोय. सुकथनकरांनी ती पोथी ताडून पाहिली आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. पोथी न पाहता त्यांनी जे पाठ ठरवले होते, त्यांना तिने मोठा आधार दिला. अनेक जादा मजकूर तिच्यातही नव्हता. गणिताच्या विद्यार्थ्याला याहून मोठं समाधान काय असणार?

भृगूंचं कोडं आणि शेवटचं व्याख्यान

नुसते पाठभेद मोजणारा माणूस अशी त्यांची प्रतिमा होऊ नये म्हणून हेही सांगतो. १९३६ मध्ये त्यांनी भृगुकुळ आणि भारत यांच्या नात्यावर दीर्घ लेख लिहिला. च्यवन, और्व, उत्तंक, परशुराम या भार्गवांच्या कथा कौरव-पांडवांच्या गोष्टीशी थेट संबंध नसताना महाभारतात इतक्या का येतात? त्यांचं म्हणणं असं, की ग्रंथाला आजचं रूप मिळण्याच्या एका टप्प्यावर भार्गवांचा त्यावर मोठा प्रभाव होता. यावर आजही चर्चा चालते.

१९४२ ला आरण्यकपर्व निघालं, तेही त्यांनीच संपादित केलेलं. जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. गोष्ट म्हणून महाभारत, नीतीचा विचार म्हणून महाभारत आणि तत्त्वज्ञान म्हणून महाभारत अशी त्यांची मांडणी होती. तीन व्याख्यानं झाली. चौथ्याच्या दिवशीच त्यांचं निधन झालं. वय पंचावन्न. ती व्याख्यानं पुस्तकरूपाने आली १९५७ मध्ये. ज्यांना फक्त 'तळटीपवाले' सुकथनकर माहीत आहेत त्यांनी ती जरूर वाचावीत. इतकी वर्षं अक्षर-अक्षर तपासलेल्या माणसाचं ग्रंथावर किती प्रेम होतं, ते तिथे दिसतं.

माणूस गेला, काम थांबलं नाही

अठरा पर्वांपैकी सुकथनकरांनी स्वतः संपादित केली ती दोन. मग काम पूर्ण कसं झालं? कारण त्यांनी पद्धत लिहून ठेवली होती, आणि ती दुसऱ्याला वापरता येण्यासारखी होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी केलं, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेत येल विद्यापीठातल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. सुकथनकरांनंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले, १९६१ नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, रा. द. करमरकर अशा अनेकांनी एकेक पर्व उचललं.

२२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. १९१९ ते १९६६, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं. १,२५९ पोथ्या, १९ खंड, सुमारे तेरा हजार पानं. लाख श्लोकांचा म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ, मुख्य पाठात तो पाऊण लाखाच्या जरा आतच भरला.

पुढच्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्यांनी याच आवृत्तीचा आधार घेतला होता. द्रौपदी, गांधारी, कर्ण ही माणसं त्यांना इतकी कोरडी, खणखणीत दिसली, त्याला हा पाठही कारण आहे. नव्वदच्या दशकात जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी हा पाठ संगणकावर उतरवला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो सुधारला. बिबेक देबरॉय यांनी दहा खंडांत केलेलं इंग्रजी भाषांतरही याच आवृत्तीचं.

आणि हेही सांगायला हवं, की ५ जानेवारी २००४ ला याच संस्थेवर जमाव चालून आला, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. कपाटातली वस्तू किती सहज मोडते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. म्हणूनच नुसतं कपाट पुरत नाही. वाचून, ताडून, छापून चार ठिकाणी पोचवलेला मजकूर जास्त टिकतो.

मग वादात काय म्हणायचं?

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "भांडारकरवाल्यांनी गणपती काढला", तर सांगा, काढला नाही. परिशिष्टात आहे, बघून घ्या. आणि कोणी म्हणालं, "तळटीपेत आहे म्हणजे खोटं", तर त्यालाही सांगा, खोटं नव्हे, नंतरचं. शेकडो वर्षं लोकांनी ज्यावर जीव लावला, कीर्तनात ऐकलं, चित्रांत काढलं, ते आपल्या वारशाचा भागच आहे. फक्त ते कधी आलं आणि कुठून आलं, हे माहीत असलेलं बरं.

एखादा खंड ग्रंथालयात मिळाला तर कुठलंही पान उघडा. वर दहा-बारा ओळी संस्कृत आणि खाली अर्धं पान बारीक टाईपातल्या नोंदी. संस्कृत येत नसलं तरी चालेल. त्या खालच्या अर्ध्या पानाकडे नुसतं पाहा. प्रत्येक नोंदीमागे कुठल्यातरी गावात दिव्याच्या उजेडात पोथी उतरवून घेणारा एक माणूस आहे, आणि त्याची ओळ लहान असो की मोठी, ती नोंदवून ठेवलेली आहे.

आजच्यापुरतं इतकंच. प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.